वर्गातला पडदा शिक्षकाच्या हाती हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा उघडण्याच्या सुमारास आपल्या पानांवर दरवर्षी डिजिटल शाळा आणि स्मार्ट क्लासरूमच्या बातम्या येतात. कुठे लोकवर्गणीतून टीव्ही आला, कुठे कंपनीच्या सामाजिक निधीतून इंटरॅक्टिव्ह पॅनल (स्पर्शाने चालणारा मोठा पडदा) लागले, कुठे टॅब वाटले गेले. नागपूर जिल्ह्यातल्या शाळांत विज्ञान शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली आणि कपाटात एकच सूक्ष्मदर्शक असताना साठ मुलांना कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी दाखवायची म्हणजे काय असते, हे मला ठाऊक आहे, म्हणून असे काही शाळेत आले की मला मनापासून आनंद होतो. मात्र ते आल्यानंतर वर्गात त्याचे काय होते, त्याच्यासमोर बसलेले मूल नेमके काय करते, यावर आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. ती व्हावी, यासाठी हा पत्रप्रपंच.

माझे म्हणणे असे की, पडद्यावरचे चित्र कुठे थांबवायचे हे ठरवण्याची मुभा, त्यासाठी लागणारा वेळ आणि तयारी शिक्षकाजवळ असेल, तरच त्या चित्रातून मूल शिकते. आपला बहुतेक खर्च मात्र चित्र चालवण्याच्या सोयीवर होतो आहे.

कुही तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका उच्च प्राथमिक शाळेत पाहिलेला सातवीचा तास मला यासंदर्भात सांगावासा वाटतो. शनिवारची सकाळची शाळा होती आणि विषय होता चंद्राच्या कला. इंटरनेटचा भरवसा नसल्याने वर्गशिक्षिकेने चंद्र पृथ्वीभोवती फिरतानाची चित्रफीत घरूनच पेन ड्राइव्हवर उतरवून आणली होती. टीव्ही सुरू झाला, चंद्र जेमतेम पाव फेरी फिरला आणि मॅडमनी रिमोटने चित्र थांबवले. त्यांनी विचारले, ‘आता सांगा, चंद्र अर्धाच काहून दिसतो?’ जवळजवळ सगळ्या वर्गाचे उत्तर एकच आले, ‘पृथ्वीची सावली पडते जी मॅडम!’ हे उत्तर चूक आहे आणि ते केवळ सातवीच्या मुलांचे नाही, पदवीधर मोठ्यांना विचारले तरी पुष्कळदा हेच ऐकू येते. मॅडमनी ते चूक ठरवले नाही. प्रत्येकाने आपले उत्तर आकृतीसह वहीत काढावे, असे सांगून त्या मुलांना पटांगणात घेऊन गेल्या. तिथे काडीला टोचलेले प्लास्टिकचे पांढरे चेंडू गटागटाला दिले, ते हात लांब करून धरायला सांगितले आणि स्वतःभोवती हळूहळू फिरायला लावले. आठ-साडेआठचे कोवळे ऊन होते. सूर्याकडे तोंड असताना चेंडूची फक्त काळी बाजू दिसे, थोडे वळले की उजेडाची कोर, आणखी वळले की अर्धा चेंडू उजळलेला. कृष्णपक्षातला फिकट चंद्र अजून पश्चिमेच्या आकाशात होता. एका मुलीने चेंडू अगदी त्याच्या शेजारी धरला, तेव्हा चेंडूचा उजळलेला भाग आणि चंद्राचा उजळलेला भाग एकसारखा आहे, हे तिच्या ध्यानात आले आणि तिने हाका मारून सगळ्यांना गोळा केले. तेवढ्यात सूर्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या एका मुलाच्या डोक्याची सावली त्याच्या चेंडूवर पडली. तो म्हणाला, ‘मॅडम, सावली तर आत्ता पडली!’ ग्रहणाचा पाठ त्या दिवशी त्यानेच सुरू केला. वर्गात परत आल्यावर तीच चित्रफीत पुन्हा लागली आणि या वेळी कुठे थांबवायचे, हे मुलेच सांगू लागली. वहीतली आधीची आकृती खोडू नका, तिच्या शेजारी नवी काढा, एवढेच मॅडमनी सांगितले.

या तासात टीव्ही नसता तर चालले असते का? मला वाटते, काहीतरी कमी पडले असते. अंतराळातून खाली पाहिल्यावर सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एकाच वेळी कसे दिसतील, हे पटांगणात कुणालाच दाखवता येत नाही. ते काम चित्राने केले. उलट आपण पृथ्वीवर उभे राहून काय पाहतो, हे चित्राला नीट सांगता येत नाही. ते काम चेंडूने आणि उन्हाने केले. या दोहोंच्या मधले काम, म्हणजे मुलाच्या डोक्यात आधीपासून काय बसले आहे ते बाहेर काढणे, शिक्षिकेशिवाय दुसऱ्या कुणालाही जमले नसते. ‘काहून’ असा तो प्रश्न या जिल्ह्याच्या बोलीत विचारला गेला, म्हणूनच मुले निःसंकोच बोलली, याचीही मी इथे नोंद करतो.

शहरात मी याहून फार वेगळे तास पाहिले आहेत. एका कंपनीकडून विकत घेतलेला तयार पाठ पॅनलवर सुरू होतो, त्यातला आवाज प्रश्न विचारतो आणि दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देतो, रंगीत चित्रे सरकत राहतात, पाठाच्या शेवटी चार पर्यायांचे प्रश्न येतात आणि मुले एका सुरात ‘ब’ म्हणतात. वर्ग शांत असतो आणि अभ्यासक्रम वेळेत पुरा होतो, त्यामुळे मुख्याध्यापक आणि पालक दोघेही समाधानी असतात. शिक्षकाला मात्र मधे थांबता येत नाही, कारण तासाभरात एवढा भाग झालाच पाहिजे, असे वेळापत्रक त्या पाठाबरोबरच आलेले असते. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. शिकवण्याचा वेग ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडून काढून घेतला गेला आहे.

हे माझे एकट्याचे निरीक्षण असते तर मी इतक्या आग्रहाने लिहिले नसते. गुजरातमधल्या शाळांत संगणकाच्या वापरावर ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञाने केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. शाळेच्या वेळेत, शिक्षकाच्या शिकवण्याच्या जागी संगणक वापरला तेव्हा मुले गणितात मागे पडली. तोच संगणक शाळेच्या वेळेबाहेर, शिकवण्याला जोड म्हणून वापरला तेव्हा मुलांची प्रगती झाली, विशेषतः मागे राहिलेल्यांची. यंत्र तेच होते, फक्त त्याची जागा बदलली होती. दिल्लीत शाळा सुटल्यानंतर चालणाऱ्या केंद्रांचा अभ्यास मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन यांनी २०१९ साली प्रसिद्ध केला. तिथे मुलाची पातळी ओळखून त्याला त्या पातळीची गणिते देणारी संगणकप्रणाली होती आणि तिच्या जोडीला छोट्या गटात शिकवणारा माणूसही होता. साडेचार महिन्यांत मुलांनी गणितात आणि हिंदीत चांगली मजल मारली. याच अभ्यासात आढळले की, सहावीतले सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते. म्हणजे सहावीचा सुंदर रंगीत पाठ त्या मुलांपुढे कितीही वेळा लावला तरी त्याचा उपयोग नव्हता. पेरू देशातल्या ग्रामीण शाळांत मुलांच्या हाती लॅपटॉप देण्याची मोठी मोहीम झाली. संगणक हाताळण्यात मुले तरबेज झाली, पण भाषा आणि गणितात फरक पडला नाही. शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरच्या युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक अहवालाचा सूरही तंत्रज्ञान शिक्षकाच्या जागी नको, त्याच्या जोडीला हवे, असाच आहे.

आता नागपूरच्या परिस्थितीविषयी. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात, आणि तेव्हाही पहिला दमदार पाऊस होईपर्यंत टिनाच्या छताखालच्या वर्गखोलीत बसवत नाही. प्रोजेक्टरचे चित्र दिसायचे तर खिडक्या लावून घ्याव्या लागतात, आणि चाळीस मुलांच्या वर्गात खिडक्या लावल्या की दहा मिनिटांत मुले वहीने वारा घेऊ लागतात. मार्च-एप्रिलमध्ये तर या अवस्थेत तास घेणे ही मुलांना शिक्षाच आहे. उजेडातही दिसणारा टीव्ही अशा ठिकाणी प्रोजेक्टरपेक्षा बरा, हे खेड्यातला कुठलाही शिक्षक सांगेल, पण खरेदीपूर्वी त्याला कुणी विचारत नाही. विजेचे दुखणे वेगळेच. शाळेचे वीजबिल किरकोळ खर्चासाठीच्या सादिल अनुदानातून भागवायचे, ते अनुदान वेळेवर येत नाही, बिल थकते, जोडणी कापली जाते आणि मग मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून किंवा गावातून गोळा करून पैसे भरतात. इन्व्हर्टरची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. ती बदलण्यासाठी कुठल्याच योजनेत तरतूद नसते, कारण योजना यंत्र देण्याची असते, ते चालू ठेवण्याची नसते. मुख्याध्यापकांच्या खोलीत कापडाखाली झाकून ठेवलेले, कुलपात सांभाळलेले पॅनल मी एकाहून अधिक शाळांत पाहिले आहे. यंत्र बिघडले तर त्याचा जाब मुख्याध्यापकांना द्यावा लागतो. ते वापरले नाही म्हणून मात्र कुणी विचारत नाही, मग कुलूप लावणे हाच शहाणपणा ठरतो.

याबाबतीत आपल्याच देशाने पन्नास वर्षांपूर्वी घालून दिलेला एक वस्तुपाठ आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात इस्रोने एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने शेजारच्या मध्य प्रदेशासह सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचवली. सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी गावासाठी कार्यक्रम असत. ज्या गावांत धड रस्ता नव्हता तिथे हे संच वर्षभर चालू राहिले, ते केवळ उपग्रहामुळे नव्हे. संच बिघडला की तो दुरुस्त करणारी माणसे आणि त्यांची केंद्रे त्या प्रयोगाच्या आराखड्यातच होती. आज उपकरणे कितीतरी स्वस्त झाली आहेत, पण दुरुस्तीसाठी माणूस कोण आणि तो किती दिवसांत येईल, हे आपण कागदावर लिहून ठेवत नाही.

शिक्षकाच्या वेळेचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. शाळेत तंत्रज्ञान खऱ्या अर्थाने कुठे पोहोचले असेल, तर ते माहिती मागवण्याच्या कामात. सरल, युडायस, शालार्थ या शासकीय पोर्टलवरच्या नोंदी, आधार जोडणी, विद्यार्थ्यांचे अपार ओळख क्रमांक, पोषण आहाराची रोजची नोंद, प्रत्येक उपक्रमाचे फोटो आणि त्या फोटोंच्या लिंक ही कामे शिक्षक बहुधा स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटा पॅकवर आणि पुष्कळदा वर्गाच्या वेळेत करतात. व्हॉट्सॲपच्या गटावर सकाळी अकराला निरोप येतो की, माहिती आज दुपारपर्यंत द्यावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावण्यास मनाई केली आहे. या ऑनलाइन कामांना अशैक्षणिक म्हणायचे की नाही, यावर वाद घालता येईल, पण ती करताना वर्गात शिकवले जात नाही, याबद्दल वाद नसावा. चंद्रकलांच्या त्या तासासाठी मॅडमना चित्रफीत शोधायची होती, ती आधी स्वतः पाहायची होती, कुठे थांबायचे ते ठरवायचे होते, चेंडू आणि काड्या जमवायच्या होत्या. त्यांनी ते आदल्या रात्री घरी बसून केले. अशा रात्रींची नोंद कुठल्याच पोर्टलवर होत नाही.

घरच्या मोबाइलविषयी फार लिहीत नाही, कारण तो स्वतंत्र विषय आहे. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवरच्या ‘टिली मिली’ने आणि शिक्षकांच्या फोनने अनेक मुलांचा अभ्यासाशी धागा टिकवला, हे विसरता येणार नाही. पण घरात एकच फोन आणि तो घेऊन वडील कामावर गेलेले, अशी हजारो घरे या जिल्ह्यात होती आणि आहेत. जिथे फोन मिळतो तिथे त्याचा उपयोग कशाला होतो, हेही ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालाने दाखवले आहे. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. नववी-दहावीचे प्रकल्प आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतले जातात. त्यावर उपाय एवढाच दिसतो की, प्रकल्पाचे गुण छापील पानांना न देता मुलाशी समोरासमोर बोलून द्यावेत, आणि त्यासाठी पुन्हा शिक्षकाला वेळ लागणारच.

काही मुलांसाठी मात्र तंत्रज्ञानाला पर्याय नाही, आणि त्यांच्यासाठीचा खर्च सर्वांत आधी व्हावा, असे मला वाटते. दृष्टिहीन मुलाला मराठी मजकूर वाचून दाखवणारा साधा फोन मिळाला तर त्याला दर वेळी कुणाच्या वाचण्याची वाट पाहावी लागत नाही. रामटेक-पारशिवनीच्या बाजूला अशी मुले आहेत ज्यांच्या घरी गोंडी बोलली जाते. त्यांच्या भाषेतल्या गोष्टी आवाजात साठवून पहिलीच्या वर्गात ऐकवता येतील. आणि द्विशिक्षकी शाळांचा विचार तर आवर्जून व्हायला हवा. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असतात तेव्हा एक गट फळ्यासमोर असताना बाकीच्यांना काय काम द्यावे, हा शिक्षकाचा रोजचा पेच असतो. तिथे चार-सहा टॅब असतील, त्यांवर इंटरनेटशिवाय चालणारे, मुलाच्या पातळीनुसार पुढे सरकणारे गणिताचे सराव असतील, तर मागे राहिलेल्या मुलाला त्याच्या गतीने सराव करता येईल आणि शिक्षकाला पहिलीच्या मुलांजवळ बसता येईल. दिल्लीच्या त्या अभ्यासातून मला नागपूर जिल्ह्यासाठी सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट हीच आहे. शहरातल्या सुसज्ज शाळेत दहावे पॅनल लावण्याऐवजी या शाळांपासून सुरुवात करावी.

पैसे न मोजता मिळणारे साहित्य तर मुबलक आहे. बालभारतीच्या पुस्तकांत पाठापाठाला क्यूआर कोड आहेत आणि त्यांच्यामागे २०१७ पासून सुरू असलेला ‘दीक्षा’ हा शासकीय मंच आहे. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरण्याची वाट ज्यांनी दाखवली ते रणजितसिंह डिसले तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक होते, आणि २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांनाच मिळाला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही विज्ञान-गणिताची चलत्प्रतिरूपे (सिम्युलेशन) मराठीतही आहेत. त्यांत विद्युत परिपथ मूल स्वतः जोडते, चुकीचा जोडते, दिवा लागत नाही म्हणून पुन्हा जोडते. जिओजेब्रा या गणिताच्या संगणकप्रणालीत त्रिकोणाचा कोपरा बोटाने ओढला की तिन्ही कोन बदलतात आणि बेरीज १८० अंशच राहते. मी मुलांना आधी कागदाचा त्रिकोण कापून त्याचे तिन्ही कोपरे फाडून एका रेषेत मांडायला लावतो आणि मग हे दाखवतो. हाताने केलेले कागदाचे काम झाल्यावर पडद्यावरचा त्रिकोण मुले अविश्वासाने ओढत राहतात, कुठेतरी बेरीज चुकेल म्हणून वाट पाहतात. ती चुकत नाही, तेव्हा ‘काहून?’ हा प्रश्न येतो, आणि गणित शिकवायला मला तोच प्रश्न हवा असतो. हाताने केल्याशिवाय डोक्यात उतरत नाही, हा विचार इथून पाऊणशे किलोमीटरवरच्या वर्ध्यात १९३७ च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडला होता. टॅब आले म्हणून तो जुना झाला, असे मला वाटत नाही.

करायचे काय, तर ज्या दोन-तीन गोष्टी आपल्या जिल्ह्याच्या अखत्यारीत आहेत, तेवढ्याच मागतो. जवळपासच्या शाळांच्या प्रत्येक केंद्रात शिक्षकांच्या शिक्षण परिषदा होतात. त्यांतला बराच वेळ सूचना वाचण्यात जातो. त्याऐवजी दर वेळी एका शिक्षकाने आपला एक तास, पडद्यासह किंवा पडद्याविना, इतरांसमोर घेऊन दाखवावा, कुठे थांबलो आणि का थांबलो ते सांगावे, आणि केंद्रप्रमुखांनी माहितीची सर्व मागणी आठवड्यातल्या एका ठरावीक दिवसावर आणावी. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून किंवा कंपन्यांच्या देणगीतून उपकरण येते तेव्हा किमतीचा एक भाग पाच वर्षांच्या वीजबिलासाठी, बॅटरीसाठी आणि दुरुस्तीसाठी वेगळा काढून शाळेच्या खात्यावर ठेवावा. निविदेत अशी अट घालता येईल की, बिघाड कळवल्यापासून ठरलेल्या दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुरवठादाराचे उरलेले पैसे अडवले जातील, उपकरणासोबत आलेले पाठ शिक्षकाला हवे तिथे थांबवता, तोडता आणि बदलता येतील, आणि खरेदी पक्की होण्यापूर्वी त्या शाळेतल्या शिक्षकांनी, त्याच वर्गखोलीत, खिडक्या उघड्या ठेवून, त्यावर एक तास घेऊन पाहिलेला असेल. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीने आणि महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाने यंदाच्या खरेदीपासूनच या अटी लागू कराव्यात, अशी माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर